तूप की खोबरेल

चैत्र लागला की आमच्या कल्याणच्या घरात सगळ्यांचे पाय आईच्या ताब्यात जात. पाडव्याला अंगाला तेल चोळून न्हाणं झालं की दुसऱ्या दिवसापासून दर दुपारी ती काशाची वाटी घेऊन बसे. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने घासत राहायचं. घासता घासता तूप काळं पडे, वाटीचं बूड काळं होई, घासणाऱ्याचे हातही काळे होत. "बघ, किती उष्णता निघाली!" असं म्हणून आई ते काळं आम्हाला दाखवी. तिच्या चेहऱ्यावर चोर पकडल्याचा आनंद असे. उन्हाळाभर डोळ्यांची आग होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

बाबा मामलेदार कचेरीत कारकून होते. उन्हाळ्यात कचेरी सकाळची, त्यामुळे दुपारी तेही घरीच. पहिला मान त्यांच्या पायांचा. ते भिंतीला टेकून पाय पुढे करत आणि पाहता पाहता घोरू लागत. मग माझे धाकटे दोघे भाऊ. त्यांना गुदगुल्या होत, ते लाथा झाडत, आई एक धपाटा घाली आणि पुन्हा घासू लागे. शेवटी मी. माझ्या पायांशी आली की ती काहीतरी गुणगुणे. काय गुणगुणे ते मला कधी कळलं नाही, कारण तोवर मलाही झोप लागलेली असे.

आईच्या पायांना मात्र कोणी वाली नव्हता. आणि खरी आग तिच्याच पायांत. सकाळपासून चुलीपुढे बसून तिचे डोळे लाल होत, आणि कामं आटोपली की ती न्हाणीतल्या ओल्या दगडावर तळवे टेकून नुसती उभी राही. ते पाहून एका दुपारी मी वाटी तिच्या हातातून ओढूनच घेतली. तिने आढेवेढे घेतले, पण शेवटी पाय पुढे केले. तेव्हापासून ते काम माझं झालं. फक्त तुपाला ती हात लावू देत नसे.

"माझ्या पायांना कसलं तूप? खोबरेल पुष्कळ झालं."

"आई, तुझ्या पायांनी तुझं काय घोडं मारलंय?"

ती हसे आणि खोबरेलाची बुधली पुढे सरकवी.

लग्न माझं आधीच झालेलं होतं. एका ज्येष्ठात मला सासरी, ठाण्याला, पाठवायचं ठरलं. बाकी सगळ्यांना काळजी होती ती मी तिकडे रुळेन का याची. मला काळजी होती आईच्या तळपायांची. भावांच्या हाती वाटी दिली तर ते ती अंगणात वाजवत फिरणार. बाबांचा तर प्रश्नच नव्हता. नवऱ्याने बायकोच्या पायांना हात लावायचा, हे नुसतं ऐकून आळीतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले असते, आणि त्यांत पहिली आमची आई. येता जाता बाबांना चुकून तिचा पाय लागला, तरी ती लगेच वाकून नमस्कार करी. निघताना मी तिच्या गळ्यात पडून रडले ते "चैत्रात तुझे पाय कोण घासणार" असं म्हणत. जमलेल्या बायका हसल्या. आई हसली नाही.

पुढच्या चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवासाठी मला माहेरी आणलं. हातपाय धुतले न धुतले तोच मी म्हटलं, "आई, वाटी काढ."

"अगं, बैस तरी! यंदा मला काही त्रास नाही."

"नाही कसा?"

"नाही म्हणजे नाही. तूच पाय पुढे कर बघू."

मला असा राग आला! ठाण्याला मी वर्षभर जी काळजी करत बसले होते, ती इथे कोणाला नकोच होती. रात्री जेवताना मी फुगून बसले. आंब्याची डाळसुद्धा दुसऱ्यांदा घेतली नाही, आणि आमच्या घरात याहून मोठा राग कोणाला माहीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला भावांसकट हळदीकुंकवाची बोलावणी करायला आळीत पिटाळलं. परत आले तर ती माजघरात आडवी झाली होती, डोळा लागलेला. मी घुश्शातच तिच्या पायांशी बसले आणि तळव्याला हात लावला. तळवा थंड होता. टाचेच्या भेगांत काळसर रेघा होत्या. आणि वास येत होता तो खोबरेलाचा नव्हे, तुपाचा.

आईने स्वतःच्या पायांना तूप लावून घेणं शक्य नव्हतं. हे ज्याने केलं त्याला आमच्या घरात तूप कोणासाठी आणि खोबरेल कोणासाठी, याचा पत्ताच नव्हता.

मागच्या दारी बाबा हात धूत होते. मी तांब्या घेऊन पाणी घालायला गेले.

"शाई," मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले. "आज फार लिहिणं झालं."

शाई लागते ती उजव्या हाताच्या दोन-तीन बोटांना. बाबांचे दोन्ही तळवे काळे होते, आणि पाणी त्यांवर न ठरता थेंब थेंब होऊन घरंगळत होतं. मी चुलीतली मूठभर राख आणून त्यांच्या हातावर घातली. त्यांनी निमूटपणे हात चोळले. मी पाणी घालत राहिले. आईने हे कसं होऊ दिलं, त्यासाठी तिला कोणकोणत्या शपथा घालाव्या लागल्या, ते मला कधीच कळलं नाही.

महिना सरला. बाबा मला ठाण्याला पोचवायला निघाले. कल्याण स्टेशनात आम्ही गाडीची वाट बघत उभे होतो. बाबांनी दोनदा घसा खाकरला आणि रुळांकडे बघत विचारलं, "टाचेकडून बोटांकडे घासत न्यायचं, की उलट?"

कोणाचे पाय, असं मी विचारलं नाही.

"गोल गोल, बाबा. मधल्या खोलगट जागी जास्त वेळ. टाचेला जरा जोर लागतो."

त्यांनी मान हलवली आणि साहेबाचा हुकूम ध्यानात ठेवावा तसं मनाशी पुटपुटले.

"आणि तूप नको," मी म्हटलं. "आई स्वतःला खोबरेलच लावून घेते. पहिल्यापासून."

बाबा एकदम माझ्याकडे वळले. "ती 'तूप नको, तूप नको' करत असते खरी. मला वाटलं, लाजते." ते पुन्हा रुळांकडे बघू लागले. "मला मात्र दर वर्षी तूपच लावत आली."

लांबून गाडीची शिटी ऐकू आली. त्यांनी माझं गाठोडं उचललं.

"तूपच लावीन," ते म्हणाले.