डाव्या हाताची राणी

बैलगाडी युसूफ वडगावच्या वेशीबाहेर आली तेव्हा मायनं फडक्यात बांधलेल्या भाकरी माझ्या मांडीवर ठेवल्या आणि सांगितलं, "सोलापूरला मावशीच्या चुलीला आपणहून हात लावू नकोस. ती म्हणंल तेवढंच कर." वडील पुढं बसून बैल हाकत होते. रडारड झाली नाही. भाकरी मायनंच थापल्या होत्या, कारण माझ्या हातच्या आमच्या घरात कुणी खात नव्हतं.

माझं सासर सिरसाळ्याचं. गुऱ्हाळाच्या दिवसांत चरकात ऊस घालताना माझा उजवा हात ओढला गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली बोटं गेली. जखम भरल्यावर मी डाव्या हातानं झाडायला, पाणी शेंदायला, शेण काढायला शिकले. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. पण त्याच हातानं भाकरी थापायला बसले, तेव्हा सासूबाईंनी सगळं पीठ उचलून गुरांपुढं टाकलं. बाई दुष्ट नव्हती. डावा हात कशासाठी असतो हे तिला लहानपणीच शिकवलेलं, आणि मलाही. पुढं माझ्या जागी घरात दुसरी सून आली. मी माहेरी आले, पण तिथंही चुलीशेजारीच देव्हारा होता.

तुम्ही गावात राहिलेल्या आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्या बाया मला विचारता, एवढं धाडस आलं कुठून? धाडस नव्हतं. मला एक गोष्ट बघायची होती.

हात गेल्यावर, अजून सासरी होते तेव्हा परळीला वैजनाथाच्या जत्रेत आम्ही पहिल्यांदा चलच्चित्र पाहिलं. तंबूच्या मधोमध ओला केलेला पांढरा पडदा, त्याच्या एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला आम्ही बाया. चित्रं मुकी, एक माणूस पुरुषांच्या बाजूला उभा राहून गोष्ट ओरडून सांगायचा. चहाडीवरून राजानं राणीला हाकललं. ती रानात झोपडी बांधून वाटसरूंना जेवू घालायला लागली. शेवटी राजाच भुकेजून तिथं आला आणि तिच्या हातचं खाऊन त्यानं तिला ओळखलं.

आणि ही राणी सगळं डाव्या हातानं करत होती. डाव्या हातानं भाकरी थापली, डाव्या हातानं वाढली.

"अगं बया, डाव्यानं वाढायली!" माझ्या शेजारची बाई म्हणाली.

"राजा तरी कुठं उजव्यानं खायलाय, बघ की."

"पदर बी उलट्या खांद्यावर हाय. त्येंच्या मुलखात तशीच रीत आसंल."

यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि शेंगा खाणं पुन्हा सुरू झालं. माझं मात्र चित्त तिथंच अडकलं. असा मुलूख कुठं तरी आहे, जिथं डाव्या हाताची भाकरी राजा खातो! घरी येऊन मी चोरून, ओल्या मातीच्या, डाव्या हातानं भाकरी थापायला शिकले. चित्रातली बाई हे करते तर हाताला ते जमतं, एवढा हिशेब मला पुरला.

म्हणून सोलापूरच्या गोजरमावशीचा निरोप आला, की गिरणीवाल्यांची खानावळ वाढली आहे, बाई पाहिजे, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. लातूरहून छोटी आगगाडी. मोगलाईची, म्हणजे निजामाची, हद्द संपायच्या आधी जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या शिपायानं बोचकं उचकलं, त्यात काही नव्हतं. मी वाटभर एकच बघत होते, लोक कुठल्या हातानं खातात. बार्शीला फलाटावर एक मारवाडी कुटुंब जेवत होतं. उजव्यानं. कुर्डुवाडीला रेल्वेचे गोरे साहेब दोन्ही हातांत आयुधं घेऊन जेवत होते, त्यांच्यावरून काही ठरवता येईना. सोलापूर उजव्या हाताचंच निघालं. इंग्रजाचं राज्य असून या बाबतीत काही फरक नव्हता.

मावशीनं मला आधी भांडी दिली. एकदा ती तापानं पडली, पंगत येऊन बसली, आणि मी भाकरी थापल्या. मी परात पुढं घेतली तेव्हा केजचा गणपा सगळ्यात आधी ताटावरून उठला. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा, आडव्या बांध्याचा माणूस.

"मावशे, ही डाव्यानं थापायली! आमी हितं पोट भराया येतो, बाटाया न्हाई."

मला राग आला. म्हटलं, "परळीला राणीचं चित्र बघितलं न्हाई का? राणी डाव्यानं वाढती, राजा डाव्यानं खातो. तुमी राजापरीस मोठे का?"

"मीबी व्हतो की तिथं! उजव्यानं खातो राजा. तुझे डोळे बी चरकात गेले का?"

पंगत हसली. मावशी आतून, गोधडीतूनच बोलली. तिला भांडण नको होतं, पण गिऱ्हाईकंही जायला नको होती. तेच चित्र त्या आठवड्यात सोलापूरच्या थेटरात लागलं होतं. ती म्हणाली, "सुट्टीच्या दिवशी जाऊन बघ. राणी डावरी निघाली तर गणपा गुमान खाईल. न्हाई निघाली तर परात सोडायची. तुझी माय म्हणली म्हणून भांड्याला ठेवीन, पर चूल न्हाई." भांड्याच्या बाईला मावशी फक्त दोन वेळचं जेवण द्यायची. चूल मिळाली तरच मला पगार, आणि पगार असला तरच मी कुणाच्या ओसरीवर पडून राहणार नव्हते.

थेटरात बायांची जागा वर गॅलरीत होती. राणी आली. उजव्या हातानं थापली, उजव्या हातानं वाढली. राजानं उजव्यानं खाल्लं. पदर जिथं असतो तिथं होता.

मला वाईट वाटण्याआधी आश्चर्य वाटलं. चित्र तेच, बाई तीच, झोपडी तीच. मग हात कसा बदलला? मी खाली गेले आणि दारवानाला म्हटलं, मला पडद्यामागं जाऊ दे. त्याला वाटलं बाई खुळी आहे. खुळ्या बाईशी वाद नको म्हणून त्यानं सोडलं. पुढच्या खेळाला मागं अंधारात उभी राहिले आणि राणी पुन्हा डाव्या हातानं वाढायला लागली. परळीला आम्हाला बसवलंच होतं त्या बाजूला.

परत येऊन मी जसं होतं तसं सांगितलं. "गणपा खरं बोलला. मी पडद्यामागनं बघितलं व्हतं, तिथनं उजवं डावं दिसतं. डाव्या हाताचा मुलूख कुठंच न्हाई." आणि परात मावशीपुढं सरकवली.

मावशीनं विचारलं, "पर तू शिकलीस कुणाचं बघून?"

"तिचंच."

मावशीनं परात परत माझ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "मग बस. माझ्या कमरेत जोर न्हाई." आणि पंगतीला सांगितलं, "आज हिच्याच हातच्या हायती. ज्याला चालत न्हाई त्यानं हाटेलात जावं." दोघं गेले. गणपा दारापर्यंत गेला, चुलीवर भाकरी फुगलेली बघून थबकला, परत येऊन बसला. पहिला घास खाऊन म्हणाला, "लई जाड हाय." तेव्हा मी ओळखलं की आता माझी चूल कुणी काढून घेत नाही. त्यानं भाकरीला नावं ठेवली होती, हाताला नाही.

पुढं मी वाचायला शिकले. दुपारी कादंबऱ्या वाचते. त्यातल्या बाया संकट आलं की मूर्च्छित होतात आणि शुद्धीवर येईपर्यंत स्वयंपाक कोण करतं हे लेखक सांगत नाही. तरी वाचते, कारण एखादी बाई अडचणीतून नेमकी कशी निघाली हे बघायची मला खोड आहे. सुटकेला मामा किंवा मृत्युपत्र आलं की पुस्तक मिटते. मला त्याचा उपयोग नाही. ती हातानं काय करते ते मी शोधते. आता पडदा बोलायला लागलाय, बाया गातातही छान, पण मी अजून हातांकडंच बघते.

वडील गेल्यावर मायला मी इकडं आणलं. पहिले काही दिवस ती स्वतःपुरतं वेगळं करून खायची. एकदा पंगत मोठी होती, पीठ जास्त मळलं होतं. ती आपणहून परातीच्या पलीकडं येऊन बसली. मी डाव्या हातानं थापत होते, ती समोरून उजव्या. दोघींचे हात परातीच्या एकाच अंगाला, एका लयीत.

युसूफ वडगाव अजून आठवतं, पण घर म्हटलं की मला ती परात दिसते. त्या दिवशी मायनं माझी भाकरी उचलली, कडेनं चाचपली, आणि तव्यावर टाकण्याआधी म्हणाली, "जाड करतीस गं. अजून थाप."