एका नंबरवर एक गाव

बाहेर गलका वाढला की डॉक्टरबाई पडदा सारून मान बाहेर काढायच्या आणि म्हणायच्या, "बसा, वापस कोणालेच धाडत नाही." खरंच धाडत नसत. त्यांचा जेवणाचा डबा मात्र भरलेलाच घरी जायचा. बुलढाण्याच्या त्या दवाखान्यात मी पेशंटचे नंबर लावायच्या कामाला बसायचे.

बाईंच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन लवकर करा, असं मोठ्या डॉक्टरांनी बजावलं होतं आणि बाई टाळत होत्या. दवाखाना बंद ठेवायचा तर दारावर पाटी लावायची, लांबच्या गावांना आधी कळवायची काही सोय नव्हती. त्यावर त्या म्हणायच्या, "पाटी इथं असते, माणूस दुसरबीडहून निघते." मला त्यांचा रागही यायचा आणि धास्तीही वाटायची.

शेवटी त्यांच्या लेकीने मला कामाला लावलं. पेशंटला फोनवर वेळ देईल आणि दवाखाना बंद असला तर आधी कळवेल, अशी काहीतरी सोय शोध म्हणाली.

पहिलं ॲप फार देखणं होतं. दुसरबीडच्या किराणा दुकानदाराने भल्या मनाने गावातल्या सगळ्यांच्या वेळा स्वतःच्याच फोनवरून घेतल्या. ॲपने एक फोन नंबर म्हणजे एक पेशंट धरला आणि सगळ्यांना मिळून दहा मिनिटं दिली. सकाळी जीपभर माणसं उतरली. दुकानदार मिरवत पुढे आला, "ताई, सगळ्याइचा नंबर मीच लावला."

ॲपवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, प्रत्येकाने आपला मोबाईल वापरायला हवा. बाई पोटभर हसल्या. "एका नंबरवर एक गाव चालत नाही काय? मंग आमचं नाही जमत." त्या दिवशी सगळ्यांना तपासून झाल्यावर त्यांना खुर्चीतून उठवेना. मी हाताला धरून त्यांना उठवलं.

दुसरी सोय दिसायला अगदीच साधी होती. पण एका नंबरवर हवी तेवढी नावं घालता यायची आणि काही बदल झाला की प्रत्येक नावासाठी मराठीतून आपोआप फोन जायचा. आवाज बाईंचाच भरला. भरताना त्या मध्येच "गोळ्या घेता ना?" असं विचारून उत्तराची वाट पाहत थांबल्या.

मग कुठे बाईंनी ऑपरेशनची तारीख घेतली आणि दवाखाना बंद असल्याचे फोन सगळ्यांना गेले. त्या दिवशी मी तरीही दवाखान्यात जाऊन बसले. पहिली एसटी येऊन गेली, दुसरीही गेली. बाकं रिकामीच. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. ऑपरेशन नीट झालं होतं. तिने फोन आईच्या कानाला लावला.

"कोणी वापस गेलं काय वं?" आवाज अगदी बारीक होता.

"कोणी आलंच नाही, बाई."

पलीकडून लेकच हळू आवाजात हसून म्हणाली, "झोपली आई."