मुक्ताला वाचायला कुणी शिकवलं

आमच्या घरी पाहुणे आले की ही गोष्ट निघतेच. अमेरिकेतल्या शाळेनं माझ्या लेकीला धड वाचता येत नसताना वर्गामागून वर्ग पुढे ढकललं, आणि सिंगापूरला आल्यावर मी तिला घरी बसवून वाचायला शिकवलं. मीच सांगते. रंगवून सांगते. पण त्यातला एक तुकडा आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही. नवऱ्यासमोर नाही, सख्ख्या बहिणीसमोर नाही. मुक्तासमोर तर नाहीच नाही.

तुम्हाला सांगते. फक्त आधी अभिमानाचं सांगू द्या — कारण तोही खराच आहे.

मुक्ता दहा वर्षांची असताना सुनीलला, माझ्या नवऱ्याला, सिंगापूरच्या वन-नॉर्थ भागातल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही न्यू जर्सीहून इथे आलो. तोआ पायोहमध्ये भाड्याचा फ्लॅट घेतला. इथल्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेत मुक्ता पेपर समोर ठेवून नुसती बसून राहिली. बाहेर आली ती हुंदके देतच. तिकडच्या प्रगतिपुस्तकात तर सगळं छान, उत्तम, शाबास! तिकडे मुलांना शिकवलं होतं — शब्द अडला तर चित्र बघ, पहिलं अक्षर बघ आणि अंदाज कर. मुलगी हुशार, त्यामुळे अंदाज बरोबर यायचे. मोठ्या वर्गातल्या पुस्तकांत चित्रं उरली नाहीत, तेव्हा तिचं वाचनच थांबलं. आणि तरीही शाळा तिला वरच्या वर्गात पाठवत राहिली.

मी नोकरी शोधणं सोडून दिलं. रोज दुपारी तिला घेऊन बसले. आधी देवनागरी घेतली, कारण आपलं अक्षर दगा देत नाही — म म्हणजे म. तिनं आयुष्यात स्वतःहून वाचलेला पहिला शब्द कुठला, सांगू? ‘मेतकूट’. माझ्या आईनं पुण्याहून पाठवलेल्या पिशवीवर लिहिलेला. मे... त... कूट. आणि मग तिनं माझ्याकडे जे बघितलं!

मग इंग्रजी. अक्षराखाली बोट, अक्षराचा आवाज, मग पुढचं अक्षर. एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, पाट्या, हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरचे बोर्ड, सगळं मोठ्यानं. रांगेतले लोक वळून बघायचे. बघू देत! एका वर्षानं ती पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसायला लागली आणि हाका मारल्या तरी ऐकेना. आज ती चोवीस वर्षांची आहे आणि ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना शिकवते, हेच तिचं काम. मागच्या वर्षी ती शिकवते त्या केंद्राच्या कार्यक्रमात स्टेजवरून म्हणाली, “माझ्या शाळेत कुणालाच कळलं नाही. फक्त माझ्या आईला कळलं.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून उभी राहिले, हात जोडले.

उभी राहिले — कळतंय ना तुम्हाला? बसून राहता आलं असतं.

कारण शाळेत कळलं होतं. मिस कॅरलला कळलं होतं.

मिस कॅरल तिकडच्या शाळेत कॉरिडॉरच्या टोकाच्या खोलीत बसायची. उतारवयाची, सडपातळ बाई. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना ती एकेकटं बोलवायची. मुक्ता दुसरीत असताना काही दिवस तिच्याकडे गेली. घरी आली की हिच्या तोंडी एकच — मिस कॅरलकडे लाकडी अक्षरं आहेत, मिस कॅरलनं मला ‘एस’ दिला, उद्या ‘आर’ देणार आहे. मग एक दिवस मिस कॅरलचा मला फोन आला. तुमची मुलगी वाचत नाही, अंदाज करते, म्हणाली. फार हुशार आहे म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. परवानगी द्या, मी तिला रोज घेते. घरी तुम्ही चित्रावर हात ठेवा, अक्षराखाली बोट ठेवा, आवाजापासून सुरुवात करा.

ऐकलंत ना? बोट, आवाज. जे मी पुढे माझं म्हणून मिरवलं ते सगळं त्या फोनवरचं.

आणि मला तरी ते नवीन होतं का? त्याच्या आधीच एका संध्याकाळी मी गंमत म्हणून तिच्या पुस्तकातल्या चित्रावर हात ठेवला होता, आणि माझी बडबडी पोरगी एकदम गप्प झाली होती. त्यानंतर मी काय केलं? शाळेचं पुस्तक आधीच तिच्याकडून पाठ करून घ्यायला लागले. वर्गात घडाघडा म्हणता यावं म्हणून. तिकडे हुशार मुलांचा वेगळा वर्ग असतो. आमच्या ओळखीतल्या एका मराठी कुटुंबाचा मुलगा त्यात निवडला गेला होता, आणि आता पुढचा नंबर मुक्ताचाच, असं मी चार बायकांत बोलून बसले होते. ती ‘मदतीच्या खोलीत’ जाते हे त्यांना कळलं तर?

मी मुख्याध्यापकांना भेटायला गेले. चांगले कपडे घालून, आवाज खाली ठेवून. फक्त विचारलं, “घरी दुसरी भाषा बोलणारी मुलंच या बाईंना कच्ची का वाटतात?” हे खोटं होतं. तिच्याकडे सगळ्या प्रकारची मुलं जायची, मी स्वतः पाहिली होती. पण भेदभावाचा आरोप सुचवणाऱ्या अशा एका वाक्यानं तिथला माणूस किती घाबरतो हे मला पुरतं ठाऊक होतं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मुक्ताचं त्या खोलीत जाणं तिथेच बंद झालं. पुढच्या वर्षी मिस कॅरल त्या शाळेत नव्हती. माझ्यामुळे? माहीत नाही. मी चौकशी केली नाही.

अजून एक आहे. हे जास्त अवघड आहे.

मुक्तानं विचारलं, मी मिस कॅरलकडे का नाही जायचं? सात वर्षांची पोर. मी म्हणाले, “त्या बाईंना वाटतं तू ढ आहेस.”

काही दिवसांनी शाळा सुटताना ती बाई आम्हाला दिसली. लांबूनच तिनं मुक्ताकडे बघून हात हलवला. मुक्ता माझ्यामागे जाऊन लपली. ती बाई तशीच हात वर करून थोडा वेळ उभी राहिली. आणि मला काय वाटलं? जिंकल्यासारखं वाटलं.

पुढची तीन वर्षं मुक्ताचं रोज सकाळी पोट दुखायचं. डॉक्टरांना काही सापडेना. ती मैत्रिणींकडून धडे वाचून घ्यायची, वाचायची पाळी आली की बाथरूमला जायची. हे सगळं मला दिसत होतं. लपवायचं कसं, ते तिला मीच शिकवलं होतं.

मागच्या महिन्यात ती कामावरून वैतागून आली. तिच्याकडच्या एका मुलाची आई ऐकेचना. माझ्या मुलाला काही झालेलं नाही, तुम्ही त्याला तपासायचं नाही, म्हणाली.

“अशी कशी गं आई असते?” मुक्ता ताटावर बसता बसता म्हणाली. “तिला दिसत नाही का?”

“तिला दिसतंय,” मी म्हणाले. “त्याला काय येत नाही, ते तिला पुन्हा सांगू नकोस. ते तिला तुझ्याआधीपासून माहीत आहे. हे तुम्हा दोघींतच राहील, बाहेर कुणाला कळणार नाही, एवढंच सांग.”

मुक्ता तिच्याशी तसंच बोलली. त्या मुलाची आई आधी रडली, मग हो म्हणाली. त्या संध्याकाळी मुक्ता सगळ्यांसाठी चिकन राइस घेऊनच घरात शिरली आणि पायातले बूट न काढता मला मिठी मारली.

“आई, यू दि बेस्ट लाह! पण तुला कसं कळलं? तिच्या मनातलं इतकं बरोब्बर कसं कळलं?”

सुनील सोफ्यावरून हसत माझ्याकडे बघत होता. मुक्ता उत्तराची वाट बघत होती. मिस कॅरलचं नाव माझ्या ओठांवर आलं होतं.

“अगं,” मी म्हणाले, “आईच्या काळजाला कळतं.”

तिनं मला आणखी घट्ट धरलं. आणि मला अभिमान वाटला — तिचा, आणि माझाही.