शून्यं लिहिणारा मामा

माझा मामा वीस वर्षं शून्यं लिहीत होता. हेच त्याचं काम. ऑफिसात त्याला सगळे ‘फडकं’ म्हणत, तेही तोंडावर, आणि तो निमूट ‘ओ’ देत असे.

आमच्या कंपनीच्या तळघरात कॉम्प्युटरच्या मोठाल्या मशीन्स आहेत. एकेकीच्या पोटात चाळीस-चाळीस व्हर्च्युअल मशीन्स, भाड्याने दिलेल्या. प्रत्येक भाडेकरूला वाटतं, अख्खी मशीन आपलीच. तो गेला की त्याच्या फायली डिलीट होतात, म्हणजे नुसती दारावरची पाटी निघते. सामान आत तसंच असतं. त्या सामानावर शून्यं लिहून जागा खरोखर रिकामी करायची, मग पुढच्याला द्यायची. मी वरच्या मजल्यावर तक्रारींचा फोन घेते. ही नोकरी मला मामानेच लावून दिली, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलता येत नाही, आणि चांगलं बोलायची आमच्या घरात कुणाला सवय नाही.

मामाचा एकच नियम होता: वाचायचं नाही. पुसायच्या आधी पडद्यावर लोकांची पत्रं, हिशेब, भांडणं सरकत, तेव्हा हा चष्मा काढून बसे. मामीने एकदा सहज विचारलं, “काय काय सापडतं हो तिथे?” तर दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही.

मग नवी ऑपरेटिंग सिस्टीम आली. म्हणे जुनी जागा नव्या भाडेकरूला देताना ती आपोआप पुसून देते. मोठ्या साहेबांनी मामाला बोलावून सांगितलं, “शुक्रवारनंतर तुमचं काम उरत नाही.”

दुसऱ्याच दिवशी मला दातांच्या एका डॉक्टरांचा फोन आला.

“तुमची नवी कोरी मशीन उघडली. आत कुणाच्या तरी लग्नाच्या पाहुण्यांची यादी आहे.”

“माफ करा, डॉक्टर.”

“माफ कसलं? दोनशे नावं वाचली. माझं नाही त्यात!”

मी धावत साहेबांकडे गेले. साहेब शांत. “रिकामी म्हणजे रिकामी. पडद्यावर शून्य दिसतंय ना? यादी डॉक्टरांनीच घातली असणार.” मी म्हटलं, स्वतःला वगळून? तर म्हणाले, माणसं विचित्र असतात. हे मात्र त्यांनी स्वतःकडे पाहून बोलायला हवं होतं.

मामाला कारण लगेच कळलं. नवी सिस्टीम पुसायचं विसरत होती आणि पुसल्याची नोंद मात्र न चुकता करत होती. साहेब म्हणाले, “सिद्ध करा. एका मशीनवर काहीतरी लिहा, डिलीट करा, मशीन परत करा. शुक्रवारी तीच जागा नवी म्हणून उघडू. पण लिहाल ते असं हवं, जे जगात फक्त तुम्हालाच माहीत आहे. नाहीतर कुठूनही आलं असेल.”

झालं. मामाला गुपित शोधायची वेळ आली. मी म्हटलं, बुटाचं माप लिही. ते मामीला माहीत होतं. लहानपणी काय चोरलंस? ते माझ्या आईला माहीत होतं. दोन दिवस तो जेवताना छताकडे बघत होता, आणि गुरुवारी एकदम म्हणाला, “आहे एक.” चेहरा मात्र असा, की मला पुढे विचारायचा धीर झाला नाही.

शुक्रवारी आम्ही सगळे साहेबांच्या खोलीत जमलो. मी नवी मशीन उघडली. आधी नुसती अगम्य अक्षरं आली, मग मजकूर. साहेबांनी उत्साहाने मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“‘मी एकदा वाचलं आहे. अकरा वर्षं झाली. एका बाईने मुलीला लिहिलेलं पत्र होतं, अर्धवट. ती म्हणते, तू रागावून गेलीस त्या दिवसापासून मी आतून कडी लावत नाही. पत्र पाठवलं होतं की नाही, कोण जाणे. मी त्यावर शून्यं लिहिली. तेव्हापासून धड झोप लागत नाही.’”

सिस्टीम खोटी ठरली होती आणि मामा बरोबर. पण ग्राहकाचं वाचलं तर नोकरी जाते, हा नियम मामानेच कधीकाळी कंपनीला लिहून दिला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला रडू आलं आणि साहेबांचा रागही आला.

खरं तर साहेबांनाही मामाला घालवायचं नव्हतं. पुसायला दुसरं कोण होतं? त्यांनी घसा साफ केला. “पुरावा काय तो या डिस्कवरच आहे. आणि भाड्याने द्यायच्या आधी डिस्क पुसायची, हा आपला नियम आहे. तुम्ही पुसा. मग आम्ही काही वाचलं नाही, तुम्हीही काही वाचलं नाही. सोमवारी या कामावर.”

मी मामाला कोपराने ढोसलं. पूस ना!

मामाने चष्मा काढला. नेहमीसारखी आज्ञा टाइप केली. आता एकच बटण दाबायचं राहिलं होतं. तेवढ्यात त्याने चष्मा परत घातला आणि पडदा वाचू लागला, सगळ्यांसमोर, सावकाश.

“साहेब, त्या बाईचं एवढंच उरलंय,” तो म्हणाला. “एकदा पोटासाठी पुसलं. आता परत पोटासाठीच पुसू?”

चार वाजता त्याचं ओळखपत्र जमा झालं.

ती मशीन अजून पडून आहे. कंपनीने माणूस हवा म्हणून जाहिरात दिली आहे. अट अशी: उमेदवाराला लिहिता यावं, वाचता येऊ नये. मी ती मामाला हसत हसत दाखवली. तो हसला नाही.

“आला कुणी?” त्याने विचारलं.

“नाही अजून.”

“आला तर सांग,” मामा म्हणाला, “त्याला आधी विचारून घेईन, झोप लागते का म्हणून.”