शेवटचं प्रकरण काकांसाठी

१९७२ च्या मार्चमधला पहिला रविवार. पुस्तक उशिरा परत केल्याचा दंड रोज पाच पैसे, आणि तो चढायला लागला होता. हजर आम्ही तिघं: शेजारच्या खोलीतले काका, त्यांची सून आणि मी.

पुस्तक अंधेरीतल्या आमच्या वाचनालयाचं. काकांच्या मागे माझ्या बायकोचा नंबर, म्हणून मी मागायला गेलो होतो.

"चवीनं वाचतोय. घाई करू नकोस," काका म्हणाले.

सून माझ्यामागून गॅलरीत आली. "भाऊजी, त्यांना अक्षर दिसत नाही हो. मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशनला भितात. म्हणतात, डोळा गेला तर पुस्तक अर्धंच राहील."

मी परत आत गेलो. "काका, मी इथे बसून मोठ्यानं वाचलं तर चालेल? तुमचंही होईल, आमच्या हिचंही."

"पहिल्यापासून वाच," ते म्हणाले. "मधलं जरा विसरलोय."

कादंबऱ्या माझा प्रांत नव्हे. पण या कादंबरीतला तालुक्याच्या गावचा ग्रंथपाल अफलातून होता. भांडखोर पुस्तकं शेजारी ठेवायची नाहीत, हा त्याचा नियम. रडक्या कादंबऱ्या तो पाककृतींच्या कपाटात लावी. रडून झालं की माणसाला भूक लागते म्हणे. मला वाचता वाचता हसू आवरेना. चार दिवसांत अर्धी गॅलरी पाट घेऊन जमू लागली. वर्सोव्याची मासेवाली टोपली उतरवून टेकायची आणि दुसऱ्या दिवशी आल्या आल्या विचारायची, "मंग त्या कपाटवाल्याचं काय झालं?"

एकच प्रकरण उरलं तेव्हा काकांनी हात वर केला. "बस. हे माझं मी वाचणार. डोळा झाल्यावर."

"काका, असं काय हो!" माझी बायको चिडली. "निदान मला तरी वाचू द्या."

"तू वाचलंस तर तुझ्या पोटात राहील का गं?"

सगळे हसले. सून मात्र पदरानं डोळे टिपत होती. त्याच आठवड्यात काका आपण होऊन इस्पितळात गेले. पुस्तक त्यांच्या उशाशी राहिलं, दंड चालू राहिला आणि गॅलरी खोळंबली. पट्टी सुटली, मग जाड भिंगाचा चष्मा येईपर्यंत पुन्हा थांबणं आलं.

मेच्या अखेरीला काकांनी ते प्रकरण गॅलरीत बसून आम्हाला वाचून दाखवलं. अडखळत, बोटानं ओळ धरून, पण स्वतः. बायकोनं चहा गाळायचा ठेवून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर वाचनालयात गेलो. दंडात माझा निम्मा वाटा धरा म्हटलं, तर ऐकेनात. त्यांनी पैसे वाचनालयाच्या बाईंच्या हातात दिले आणि पावती डोळ्यांसमोर धरून मोठ्यानं वाचली: "चार रुपये चाळीस पैसे."