मिराबिले दत्ताराम

दत्तारामला लॅटिन भाषेतले दोनच शब्द येत, पण ते त्याने लालबागभर असे मिरवले की लोकांना वाटे, बाकीची भाषा याने घरी कुलूप लावून ठेवली असावी. शब्द होते 'मिराबिले दिक्तू', म्हणजे सांगायलाही नवल वाटावं असं. मिलच्या टाइम ऑफिसातल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कने ते शिकवले होते. 'मिराबिले'च्या जागी 'होरिबिले' घातलं की सांगतानाही अंगावर काटा यावा असं, हेही त्याने समजावलं होतं. दत्तारामने ते सोडून दिलं. वाईट बातमी ऐकायला उन्हात कोण उभं राहतंय?

आणि लोकांना उन्हात उभं करणं हेच तर त्याचं काम होतं. ब्याऐंशीच्या संपात गेटसभेला पुढारी दोन-दोन तास उशिरा यायचे. तोवर गर्दी पांगू नये म्हणून माईक दत्तारामच्या हातात द्यायचे. मग हा छाती काढून सांगायचा, "बंधूंनो, मिराबिले दिक्तू, दिवाळीच्या आत भोंगा वाजणार." दिवाळी गेली की शिमगा धरायचा. पोरं त्याला मिराबिलेच म्हणायला लागली आणि या शहाण्याला तो मान वाटायचा. शहाणा हा शब्द त्याचाच, स्वतःसाठी राखून ठेवलेला.

सभेत पहिल्या रांगेत त्याचा दोस्त राजाराम असायचा. दोघे एकाच खात्यात, शेजारशेजारच्या मागांवर. संपात राजारामला वडाळ्याच्या एका गोदामात नोकरी लागत होती, ती त्याने घेतली नाही. का, तर दत्ताराम थांब म्हणाला. राजारामची बायको सुभद्रा हे चाळभर सांगायची. आणि थांबा म्हणणाऱ्याने स्वतः काय केलं? संपाला वर्ष व्हायच्या आत गुपचूप हिंदमाताला साडीच्या दुकानात चिकटला. दिवसा गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडायच्या आणि सुटीच्या दिवशी गेटवर निष्ठेवर बोलायचं.

मिल उघडली तेव्हा दोघांनाही आत घेतलं नाही. सुभद्राने खानावळीवर घर ओढलं. दत्ताराम तिच्या जिन्यासमोरूनसुद्धा जायचं टाळायचा. नऊ वर्षं त्याने माफीचं भाषण मनात घोळवलं, सुरुवात कशी करावी, कुठे थांबावं, सगळं. शेवटी एका रविवारी सकाळी धीर करून तो राजारामच्या खोलीत गेला. सुभद्रा आत चहा टाकत होती.

"राजा, तुला थांब म्हणालो आणि मी नोकरी धरली. तुझं वाटोळं मी केलं," तो म्हणाला. पुढचं भाषण आठवलंच नाही.

राजाराम सुपारी कातरत होता. "हिंदमाताला ना? बघितलं होतं तुला, पहिल्याच आठवड्यात."

"मग सभेला कशाला यायचास?"

"घरात बसून काय करू? बोलायचास बरा."

मग आत एक नजर टाकून त्याने आवाज उतरवला. "आणि वाटोळंबिटोळं काही नाही. वडाळ्याला गेलो होतो मी. छातीचा फोटो काढला आणि नको म्हणाले. घरी काय तोंड दाखवू? तुझं नाव सांगून मोकळा झालो."

दत्तारामला आधी हायसं वाटलं, मग चक्क राग आला. नऊ वर्षं ज्या पापाने झोप उडाली होती, तेही त्याचं नव्हतं. आपल्या बोलण्याने एक माणूस बसून राहिला, याचा आत कुठेतरी रुबाबच होता मेल्याला. मग त्याला राजारामच्या बनियनमधून बरगड्या दिसल्या आणि राग गेला. फार वाईट वाटलं.

"हिला सांगू नकोस," राजाराम म्हणाला. "तुझ्यावर चिडलीये ती चिडू दे. माझी कीव करायला लागली तर मला नाही सोसायचं."

सुभद्रा चहा घेऊन आली. कप त्याच्यापुढे आदळला. "नऊ वर्षांनी वाट सापडली होय, भावोजी? आता कशासाठी थांबवताय यांना?"

दत्ताराम उठून उभा राहिला.

"चुकलं माझं, वहिनी," तो म्हणाला. "हा निघाला होता. मीच जाऊ दिलं नाही."