उत्तरपत्रिका फाडणारा माणूस

घंटा झाल्यावर ज्या पोराचे पेन हलताना दिसेल त्याची उत्तरपत्रिका तांबोळी सर फाडून टाकत. दोन तुकडे करून थांबत नसत. चार, आठ, सोळा करत जात आणि कागदाची थप्पी बोटांना आवरेनाशी झाली की दात लावत. मग ते तुकडे त्या पोराच्याच डोक्यावर टाकून पुढच्या बाकाकडे वळत. तीन तास घाम गाळून सोडवलेला पेपर असा एका मुलीच्या केसांवरून ओघळताना मी पाहिला आहे. ती मुलगी माझी होती.

जळोचीत घरे संपून ऊस सुरू होतो तिथे सरांचे पत्र्याचे शेड होते. आठवडाभर क्लास आणि दर रविवारी दोन ते पाच मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा सराव. अकरावी-बारावीची साठेक पोरे असत. गोल काळे करायची छापील उत्तरपत्रिका, अंगठ्याचा ठसा, सगळे खऱ्या परीक्षेसारखे. गेट दीडला बंद. एकदा एक पोरगा पाच मिनिटे उशिरा आला आणि आत घेईनात म्हणून गेटवर कपाळ आपटून घेऊ लागला. कपाळ फुटले. सरांनी गेट उघडले नाही. फटीतून हळदीची पुडी बाहेर दिली. "लाव. आन पुढल्या रविवारी ये."

परीक्षा चालू असताना सर स्वतः स्वस्थ बसत नसत आणि कुणाला बसू देत नसत. भर एप्रिलात पंखे बंद करत. शेजाऱ्याला सांगून शेडला लागून ट्रॅक्टर चालू करून ठेवत. बाकांमधून फिरताना हातातल्या काठीने पत्र्यावर असा तडाखा हाणत की एखादी मुलगी किंचाळे. "वरडलीस? किती सेकंद गेली? मोज." मग सगळ्यांना उद्देशून, "खरी परीक्षा तुमच्या सोयीनं येत न्हाय. शेजारचं पोरगं वकंल, लाईट जाईल, छत गळंल. तुमी गोल काळा करा."

माणूस बुटका, छातीने रुंद, लोणी भापकरचा. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. पूर्वी एका कॉलेजात नोकरी होती. कुणाचे तरी मार्क वाढवायला सांगणाऱ्या माणसाच्या अंगावर खुर्ची फेकून ती सोडली, असे तेच सांगत. "खुर्ची लागली न्हाय. तेवढंच वाईट वाटतं."

मी कळसचा, डाळिंबाचा व्यापारी. नववीत शाळा सोडली, दुसऱ्यांच्या बागांत क्रेट उचलले, आज माझे स्वतःचे पॅकहाऊस आहे. भाव करताना मी हरत नाही. माझा राग इंदापूर तालुक्याला ठाऊक आहे आणि त्याचाही मी धंद्यात उपयोग केला आहे. माझी ऋतुजा आठवीपासून पॅकहाऊसमध्ये बसायची. फळ हातात घेऊन वजन सांगायची. परदेशी माल घेणाऱ्यांशी इंग्रजीत असे बोलायची की ते भाव पाडायला कचरत. मला ती धंद्यात हवी होती. तिला डॉक्टर व्हायचे होते.

तिच्या प्रवेशासाठी गेलो तेव्हा मी सरांकडे रविवार मागितले. हंगामात रविवारी माल भरतो, महिन्यातले दोन रविवार पोरगी मला हवी. सर म्हणाले, "रविवार माजा."

"एक तरी द्या."

"रविवार माजा."

मी उठलो, चप्पल घातली, गाडीपर्यंत चालत गेलो. समोरचा हाक मारतोच. तीस वर्षांच्या धंद्यात मारली नाही असे झाले नव्हते. मी मागे वळून पाहिले तर सर दुसऱ्याच पोराची वही तपासत होते. ऋतुजा माझ्या मागे येऊन उभी होती. "आबा, चला परत. सौदा झाला तुमचा."

ते मनात राहिले. म्हणून बारावीच्या वर्षी मी तिच्याशी पैज लावली. एप्रिलमधल्या शेवटच्या सराव परीक्षेत सातशे वीसपैकी साडेपाचशे पडले, तर मे महिन्यात खऱ्या परीक्षेला जा, नंबर लागेल तिथे शिकवतो. नाही पडले, तर परीक्षेचा नाद सोडायचा, कॉमर्सचा बाहेरून फॉर्म भरायचा आणि पॅकहाऊस सांभाळायचे. तोवर ती पाचशेच्या वर कधी गेली नव्हती. मी बघूनच आकडा धरला होता. तिने हातावर हात मारला.

त्या रविवारी मी तिला आणायला पाचच्या आधीच पोहोचलो. खिडकीच्या चौकटीतून आत पाहिले. घंटा झाली. साठ पेने खाली पडली, एक चालूच राहिले. ऋतुजा मान खाली घालून भराभर गोल काळे करत होती. सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिने वर पाहिले, हात जोडले. सरांनी तिच्या कोपराखालून कागद ओढला, फाडला आणि तुकडे तिच्या केसांवर टाकले.

घंटेला उघडलेल्या गेटातून मी आत शिरलो आणि एक शब्द न बोलता सरांच्या तोंडावर ठोसा मारला. हातात अंगठी होती. ओठ फाटला, पुढचा दात तुटला. सर मागच्या बाकावर कोसळले, बाक उलटला, पोरे ओरडत बाहेर पळाली. मला वाटले, आता हे पोलिसांना फोन करतील. सर उठले, त्यांनी माझी कॉलर धरली आणि मला पत्र्यावर असे आदळले की अख्खे शेड वाजले. मी गुडघा मारला. त्यांनी माझे केस धरले. ऋतुजा मधे पडली, कुणाचे तरी कोपर तिच्या मनगटावर बसले.

"आबा, सोडा! सर, तुम्ही पण सोडा! लाज नाही वाटत दोघांना?"

आम्ही दोघेही धापा टाकत खाली बसलो. सरांनी रक्त थुंकले आणि तोंड पुसत विचारले, "शेठ, तुमची पैज काय व्हती?"

"तुमास्नी ठावं हाय?"

"पोरीनं सांगितली व्हती. साडेपाचशे पडलं न्हाईत तर ती तुमच्या पॅकहाऊसात."

"ठावं असून फाडला?"

"ठावं असून फाडला. आता सांगा, पेपर फाटला म्हंजी जिंकलं कोण?"

मी शर्टाला अंगठी पुसली.

"तुमी जिंकला. जिंकलेला माणूस पेढं घिऊन येतो. तुमी दात पाडाया आला." ते हसले तेव्हा हिरडीतून रक्त आले. "माजा बाप बैलांच्या बाजारात दलाल व्हता, शेठ. गिऱ्हाईक तोंडानं काय बोलतंय ते ऐकायचाच न्हाय. बैलावर हात फिरवताना हात कुठं थांबतोय तेवढं बघायचा. तुमचा हात कुठं पडला बघा. पोरगी जिंकावी आसं सगळ्यात जास्त तुमास्नीच वाटतंय. मनातला भाव तुमीच फोडला."

असे मला आजवर कुणी बोललेले नाही. मी पुन्हा उठणार होतो. पण सर ऋतुजाकडे वळले होते. "सगळी उत्तरं आदी प्रश्नपत्रिकेवर टिपायची आन गोल शेवटाला एकदम काळं करायचं, हे तुला कुणी शिकवलं? सा महिनं झालं वरडतोय मी."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबांनी. पॅकहाऊसमध्ये आधी सगळा लॉट निवडायचा, मग एकदम बॉक्सवर शिक्के मारायचे. मधे शिक्का हातात घेतला की नजर तुटते."

शब्द माझेच होते.

"नजर तुटती, खरं हाय," सर म्हणाले. "पर डाळिंबाच्या ढिगावर घंटा वाजत न्हाय. अडतीस गोल मोकळं राहिलं व्हतं हिचं. अडतीस उत्तरं येत व्हती आन मोकळी व्हती. आज मी फाडला म्हणून आवाज तरी झाला. मे महिन्यात कुणी फाडणार न्हाय. नुसतं वडून घेत्याल आन पुढं जात्याल."

मी उठलो. "पैज म्हंजी पैज," मी म्हणालो. "उद्यापासनं ही पॅकहाऊसात."

मला वाटले होते, आता तरी हा माणूस विनवणी करेल. सर तुटलेला दात शोधत होते. "व्हय. पैज म्हंजी पैज. न्या."

दुसऱ्या दिवशी सातला ऋतुजा पॅकहाऊसमध्ये हजर झाली. मनगट सुजले होते, त्यावर ओढणीचा तुकडा बांधला होता. डोळ्यांत पाणी नाही, तोंडावर राग नाही. बायका निवडायला बसल्या, तीही बसली. पण ती एक बॉक्स भरायची आणि लगेच शिक्का मारायची. दुसरा भरायची, शिक्का. शेजारणी पुढे निघून गेल्या, तिच्यापाशी ढीग तसाच.

"काय चाललंय हे?" मी ओरडलो.

"हात बसवतेय."

"कशासाठी? परीक्षा संपली तुझी."

"परीक्षेसाठी कुठं म्हणाले मी? बॉक्सवर शिक्का मारतेय."

मंगळवारी तसेच. बुधवारी तसेच, पण आता ती शेजारणींच्या बरोबरीने आली होती. गुरुवारी दुपारपर्यंत तिने सगळ्यांना मागे टाकले. फळ, फळ, फळ, शिक्का. फळ, फळ, फळ, शिक्का. तिची नजर कुठेच तुटत नव्हती. तीस वर्षे मी माणसांना जे शिकवले ते चुकीचे होते, हे माझ्याच छपराखाली, माझ्याच बायामाणसांसमोर ती एक अक्षर न बोलता दाखवत होती. मी तिच्यासमोरच्या क्रेटला लाथ घातली. दुसऱ्या क्रेटला घातली. डाळिंबे गटारापर्यंत गेली. शिक्का तिच्या हातातून हिसकावून भिंतीवर फेकला.

"जा! जा त्या परीक्षेला! पुन्हा हितं दिसलीस तर तंगडी मोडीन!"

तिने वाकून पायाजवळची दोन डाळिंबे उचलली, बॉक्समध्ये ठेवली आणि घरी अभ्यासाला गेली.

तिचा नंबर सरकारी कॉलेजात लागला. तिच्या जागी मी दोन माणसे ठेवली, दोघे मिळून तिच्या निम्मे काम करतात. ती सुट्टीला आली की आधी जळोचीला उतरते, मग घरी येते. मी सरांना माफ केले नाही. दाताबद्दल माफी मागायला मात्र एकदा गेलो. पेढे घेतले होते.

शेडबाहेर वीटभट्टीचे नाव रंगवलेली जीप उभी होती. आत एक वीटभट्टीवाला सरांना भिंतीला दाबून मारत होता. त्याच्या पोराची उत्तरपत्रिका जमिनीवर तुकडे होऊन पडली होती. मी पेढ्यांचा पुडा टाकला आणि त्याच्यावर धावलो. तो माझ्या दुप्पट होता. मी त्याला खाली पाडले, त्याचा हात मागे पिरगाळला, खांद्यात काहीतरी कट्‌कन वाजले. तो बैलासारखा ओरडला. तेव्हा मागून माझ्या कमरेला सरांची मिठी पडली.

"शेठ, सोडा त्याला. तुमी बसला व्हता तितंच बसायचंय त्याला."

मी सोडले. सर त्या माणसाजवळ खाली बसले, तोंड पुसले आणि विचारले, "पावनं, आता सांगा. पोरानं काय व्हावं म्हणताय?"

मी तसाच निघून आलो. मला वाटले होते, या माणसाने आयुष्यात माझ्या एकट्याचा भाव ओळखला. तो तर सगळ्यांचाच ओळखत होता, आणि त्यासाठी दर वेळी मार खात होता. त्याचा मला जितका राग आला तितका दुसऱ्या कशाचाच आला नाही.

गेल्या थंडीत सर वारले. वर्गातच छातीत कळ आली. ऋतुजाचा फोन आला. मातीला मी लोणी भापकरला गेलो. गर्दी मोठी होती, पोरे कमी आणि बाप जास्त. माझ्या शेजारी येऊन उभा राहिलेला माणूस तो वीटभट्टीवाला निघाला. आम्ही एकमेकांना ओळखले आणि समोर बघत राहिलो.

मी विचारले, "पोरगं?"

"लागलं. जनावरांच्या डाक्टरकीला. उलीसं उशिरा, पर लागलं."

आमच्या मागे एक जण उभा होता, वयाने आमच्याहून बराच लहान. तो पुढे वाकला. "तुमी दोघांनी बी मारलं व्हतं का सरास्नी?"

मी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"मी काठीनं मारलं," तो म्हणाला. "गेल्याच महिन्यात. पाठीवर." आणि हमसून रडायला लागला.

वीटभट्टीवाल्याने वळून त्याच्या थोबाडीत मारली. आवाज सगळ्या कबरस्तानात गेला, पुढची माणसे वळून बघू लागली. मग त्यानेच त्याचा दंड धरला, त्याला गर्दीतून वाट काढत कबरीपाशी नेले आणि त्याच्या मुठीत माती भरली. मी त्यांच्या मागे रांगेत जाऊन उभा राहिलो.